रुंद टायरचा ध्यास घेतलेला माणूस : मिकी थॉम्पसन

नाशिक : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीही तयार होतात आणि मोटारींचे टायरही. महिंद्राची थार याच शहरातून देशभर जाते, तर सिएटचा टायर कारखाना नाशिककरांच्या दोन पिढ्यांच्या परिचयाचा आहे. शहराच्या आसपासच्या डोंगराळ रस्त्यांवर राष्ट्रीय मोटार रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा गावात मोटारीची मूळची चाके उतरवून त्या जागी मोठ्या व्यासाचे रिम आणि रुंद टायर चढवण्याची हौस रुजली, यात नवल नाही. नवी गाडी दारात आली की आठवडाभरातच तरुण मालक टायरच्या दुकानात चौकशीला जातो. गाडीला चाके शोभून दिसावीत एवढाच अनेकांचा हेतू असतो. काही जणांना मात्र ऑटोक्रॉसमध्ये उतरायचे असते.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर शंकू मांडून आखलेला वळणावळणांचा मार्ग. एका वेळी एकच गाडी सोडली जाते आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. आपल्याकडे हा खेळ बहुधा मातीवर रंगतो, अमेरिकेत वाहनतळाच्या डांबरी फरशीवर. वेग फार चढत नाही. दुसऱ्या गिअरवरच बहुतेक मार्ग पार होतो. वळणात टायरने जमीन किती घट्ट धरून ठेवली आणि वळण सुटताच गाडी किती चपळाईने पुढे झेपावली, यावर सारा निकाल ठरतो. साहजिकच रुंद टायर हा या खेळातला पहिला मोह ठरतो. या मोहाला अमेरिकेत ज्यांनी व्यवसायाचे रूप दिले, आणि मोटारीला कोणत्या मापाची चाके असावीत या प्रश्नाची अत्यंत कठोर किंमतही ज्यांच्या डोळ्यांसमोर चुकवली गेली, ते मिकी थॉम्पसन. स्पोर्ट्स गाड्यांच्या शौकिनांमध्ये त्यांचे नाव आजही टायरच्या बाजूवर कोरलेले दिसते. त्या नावामागचे आयुष्य मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

७ डिसेंबर १९२८ रोजी कॅलिफोर्नियातील अल्हाम्ब्रा येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मॅरियन ली थॉम्पसन. वडील पोलीस खात्यात. घराण्यात कारखानदारी नव्हती, अभियांत्रिकीचे शिक्षणही नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या मातीमोल किमतीत मिळत आणि त्यांचे इंजिन उघडून, पत्रा कापून, वजन उतरवून त्या पळवण्याचे वेड तरुणांमध्ये पसरले होते. थॉम्पसन त्याच वेडाचे. पोटापाण्यासाठी ते लॉस एंजलिस टाइम्स या वृत्तपत्राच्या छापखान्यात यंत्रावर काम करीत आणि उरलेला वेळ गॅरेजमध्ये घालवीत. वृत्तपत्राच्या छापखान्यातील कामगार जगातील सर्वांत वेगवान मोटार आपल्या घरी बांधण्याची स्वप्ने पाहत होता, हे त्या काळात कुणाला सांगूनही खरे वाटले नसते.

सरळ रेषेत पाव मैल धावणाऱ्या ड्रॅग शर्यतींमध्ये त्यांच्या डोक्याची पहिली चुणूक दिसली. या शर्यतीत इंजिनात ताकद कितीही असली तरी मागची चाके जागच्या जागी फिरून धूर काढतात आणि अमूल्य क्षण वाया जातात. १९५४ च्या सुमारास थॉम्पसन यांनी चालकाची बैठक उचलून थेट मागील आसाच्याही मागे नेली. चालकाचे वजन मागच्या चाकांवर आले आणि टायरची पकड वाढली. गलोलीतल्या दगडासारखा चालक मागे बसलेला, म्हणून या रचनेला गलोलीचेच इंग्रजी नाव पडले आणि पुढे दीड दशक ड्रॅग शर्यतींवर याच घडणीच्या गाड्यांचे राज्य राहिले. यात नवे इंजिन नव्हते, महागडे यंत्र नव्हते. टायर आणि जमीन यांच्यात काय घडते याचा विचार तेवढा होता. त्यांच्या पुढच्या साऱ्या उद्योगांची दिशा इथेच ठरलेली दिसते.

१९५५ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या विल्मिंग्टन येथे लायन्स क्लबांच्या पुढाकाराने ड्रॅग शर्यतींची धावपट्टी सुरू झाली आणि तिचे पहिले व्यवस्थापक म्हणून थॉम्पसन यांची नेमणूक झाली. सार्वजनिक रस्त्यांवर चोरून शर्यती लावणाऱ्या पोरांना एका बंदिस्त, देखरेखीखालच्या जागी आणावे, हा त्यामागचा हेतू होता. रात्री रिकाम्या रस्त्यांवर दुचाकी-चारचाकी फेकणाऱ्यांमुळे हैराण झालेल्या कुठल्याही शहराला तो आजही पटावा.

त्यानंतर आले चॅलेंजर. चार पॉन्टियाक इंजिने एकाच सांगाड्यात बसवून थॉम्पसन यांनी एक लांबलचक, बसकी गाडी तयार केली. चारही चाकांना शक्ती मिळेल अशी तिची योजना होती. त्या वेगाला टिकणारे टायर बाजारात मिळणेच शक्य नव्हते. गुडइयरने ते खास तयार केले. ९ सप्टेंबर १९६० रोजी युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी ही गाडी ताशी ४०६.६ मैल, म्हणजे सुमारे ६५४ किलोमीटर वेगाने नेली. ताशी चारशे मैलांची सीमा ओलांडणारे ते पहिले अमेरिकी ठरले. ब्रिटनच्या जॉन कॉब यांचा १९४७ पासूनचा ताशी सुमारे ६३४ किलोमीटरचा विक्रम त्यांनी मागे टाकला होता. मात्र जागतिक विक्रमासाठी तासाभराच्या आत उलट दिशेनेही धाव पूर्ण करून दोन्हींची सरासरी द्यावी लागते. परतीच्या धावेत शक्ती चाकांपर्यंत नेणारा दांडा तुटला आणि विक्रम हुकला. चार वर्षांनी डोनाल्ड कॅम्पबेल यांनी ऑस्ट्रेलियात ताशी ४०३.१ मैलांचा अधिकृत विक्रम केला, तेव्हा त्याहून अधिक वेग एका दिशेने का होईना, थॉम्पसन यांनी आधीच गाठलेला होता. कागदावर मात्र त्याची नोंद नाही.

या धावेने ते देशभर प्रसिद्ध झाले आणि इंडियानापोलिसच्या ५०० मैल शर्यतीकडे वळले. अडीच मैलांच्या या लंबगोल मार्गावर पुढे इंजिन असलेल्या उंच, दणकट गाड्यांचे वर्चस्व होते. त्या बांधणारे आणि चालवणारे लोक परंपरेला घट्ट धरून होते. १९६२ मध्ये थॉम्पसन यांनी इंग्लंडचे अभियंते जॉन क्रॉस्थवेट यांच्याकडून मागे इंजिन असलेली हलकी गाडी आखून घेतली, तिच्यात ब्यूइक कंपनीच्या साध्या प्रवासी मोटारीवर आधारलेले इंजिन बसवले आणि डॅन गर्नी यांनी ती आठव्या स्थानावरून शर्यतीत उतरवली. यांत्रिक बिघाडामुळे ती अखेरपर्यंत पोहोचली नाही, पण जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या.

खरा धक्का १९६३ मध्ये बसला. थॉम्पसन यांनी आणलेल्या नव्या गाड्या जमिनीला जवळजवळ चिकटून चालत होत्या आणि त्यांची चाके पाहून प्रेक्षकांना चाकांचे बूट, म्हणजे रोलर स्केट, आठवले. व्यास फक्त १२ इंच, टायर बसका आणि तेव्हाच्या मानाने फारच रुंद. आज कोणत्याही स्पोर्ट्स गाडीला बसका आणि रुंद टायर असतोच, म्हणून या कल्पनेचे अप्रूप आता वाटत नाही. त्या काळी शर्यतीच्या टायरची घडण उंच आणि अरुंद असे.

टायर रुंद केल्याने नेमके काय होते, याविषयी आजही गैरसमज पुष्कळ आहेत. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा, हे मुख्यतः त्यावरचे वजन आणि आतील हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केला म्हणून हा भाग त्याच प्रमाणात मोठा होत नाही. त्याचा आकार मात्र बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा ठसा आखूड आणि आडवा पसरलेला. वळणात बाजूने येणारा जोर पेलण्यास हा आडवा ठसा अधिक सोयीचा. शिवाय टायरची भिंत बसकी असली की ती वळणात कमी मुडपते आणि चालकाने स्टिअरिंग फिरवताच गाडी तत्काळ वळते. व्यास लहान ठेवल्याचा लाभ वेगळाच. चाक हलके राहते, गाडी बसकी होते आणि गुरुत्वमध्य खाली येतो. थॉम्पसन यांच्या गाड्यांत रुंदी वाढली होती, पण व्यास घटला होता.

हौशी मंडळींची गल्लत नेमकी इथे होते. रुंद टायरबरोबर ती व्यासही वाढवतात. उदाहरणार्थ, २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी १७ इंची रिमवर २२५/४५ चा टायर घेतला तर व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच राहतो. पण १८ इंची रिमवर २३५/४५ चढवला की तो ६६९ मिलिमीटरच्या आसपास जातो. फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा. त्याचा परिणाम असा की वेगमापक ताशी १०० दाखवत असताना गाडी त्याहून सुमारे सहा किलोमीटर अधिक वेगाने धावत असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. वळण सुटल्यावर झेप घेण्याची जी चपळाई ऑटोक्रॉसमध्ये निर्णायक, तीच मंदावते. वजनदार रिम फिरवायला आणि थांबवायलाही अधिक जोर लागतो. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढल्याने खडबडीत जागी चाक जमीन सोडते. रिम बाहेर काढून बसवला तर बेअरिंगवर ताण येतो, आत घेतला तर टायर सस्पेन्शनला घासतो, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर मडगार्डचे अस्तर सोलून निघते ते वेगळेच. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

थॉम्पसन यांच्या १२ इंची चाकांना इंडियानापोलिसच्या जुन्या मंडळींचा विरोध झाला. चालकांच्याही तक्रारी होत्या. ब्रिटनचे विश्वविजेते ग्रॅहम हिल यांनी गाडी चालवून पाहिली आणि शर्यतीत ती चालवण्याचे टाळले. १९६३ च्या शर्यतीत ड्युएन कार्टर यांची रोलर स्केट गाडी निम्म्या वाटेवर इंजिन निकामी होऊन थांबली. थॉम्पसन यांची आदल्या वर्षीची सुधारलेली गाडी मात्र अल मिलर यांनी नवव्या क्रमांकावर आणली. शर्यतीच्या नियामकांनी १९६४ साठी नियम बदलला. चाकाचा व्यास किमान १५ इंच असलाच पाहिजे, असे ठरले.

आता प्रश्न उभा राहिला तो असा, की १२ इंची चाकांभोवती आखलेल्या गाडीचे करायचे काय? नवी गाडी बांधण्याऐवजी थॉम्पसन यांनी आहे त्याच गाड्यांत फेरफार करून १५ इंची चाके बसवली. चाकाचा व्यास बदलला की गाडीची जमिनीपासूनची उंची, सस्पेन्शनच्या दांड्यांचे कोन, स्टिअरिंगची भूमिती, सारेच बदलते. एकाला हात लावला की चार गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात. इंजिनही आता फोर्डचे होते आणि शरीराचा पत्राही बदललेला होता. सरावात या गाड्या वेगाबरोबर बावचळत असल्याच्या तक्रारी झाल्या. अनुभवी चालक मास्टेन ग्रेगरी यांनी संघ सोडला. स्पोर्ट्स गाड्यांच्या शर्यतीत नाव कमावलेले २७ वर्षांचे डेव्ह मॅकडोनाल्ड मात्र थांबले. सरावात त्यांच्या मागून गाडी चालवलेल्या जिम क्लार्क यांनी, ही गाडी सोडून दे, असा सल्ला त्यांना दिल्याचे सांगितले जाते.

३० मे १९६४. शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत चौथ्या वळणातून बाहेर पडताना मॅकडोनाल्ड यांची गाडी फिरली, आतल्या भिंतीवर आदळली आणि पेट्रोलचा भडका उडाला. पेटलेली गाडी घसरत पुन्हा मार्गावर आली. धुरामुळे मागून येणाऱ्यांना समोरचे दिसेना. प्रेक्षकांचे लाडके चालक एडी सॅक्स यांची गाडी तिच्यावर आदळली आणि ते जागीच मरण पावले. मॅकडोनाल्ड यांनी काही तासांतच रुग्णालयात प्राण सोडले. अपघातामुळे ही शर्यत थांबवण्याची त्या मैदानावरील ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी इंधनाचे नियम कडक झाले आणि संघ पेट्रोल सोडून मिथेनॉलकडे वळले.

अपघात कशामुळे झाला, याबाबत सर्वांना मान्य होईल असे एकच उत्तर आजवर मिळालेले नाही. चाकांचा बदल, पुढच्या भागाखाली शिरणारी हवा, भरलेल्या टाकीचे वजन, चालकाची घाई, यांपैकी प्रत्येक कारणाचा पुरस्कार करणारे आहेत. एवढे मात्र नि:संशय की एका मापाच्या चाकांसाठी जन्मलेली गाडी दुसऱ्या मापाच्या चाकांवर धावत होती आणि तिच्या वागणुकीविषयीच्या तक्रारी शर्यतीपूर्वीच संघाच्या कानावर आल्या होत्या. ती माघारी घेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांनी ती घेतली नाही. थॉम्पसन यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रात्मक मजकुरात हे प्रकरण दोन ओळींत उरकले जाते. ते योग्य नव्हे. त्यानंतरही त्यांनी इंडियानापोलिसला गाड्या नेल्या, पण पूर्वीचे यशही पुन्हा वाट्याला आले नाही.

टायरचा ध्यास मात्र सुटला नाही. १९६३ मध्येच त्यांनी जीन मॅकमॅनिस यांच्यासह स्वतःच्या नावाची टायर कंपनी उभारली होती. ड्रॅग शर्यतीसाठी नक्षी नसलेले रुंद, मऊ टायर, वाळू आणि खडकांसाठी मोठ्या नक्षीचे टायर, रस्त्यावरच्या ताकदवान गाड्यांसाठी रुंद टायर, अशी या कंपनीची ख्याती झाली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी स्पोर्ट्स गाड्यांना कारखान्यातूनच रुंद, बसके टायर मिळू लागले. या बदलामागे थॉम्पसन यांच्या प्रयोगांचा वाटा मोठा मानला जातो.

पुढे त्यांनी वाळवंट गाठले. १९७३ मध्ये ऑफ-रोड शर्यतींसाठी त्यांनी स्कोअर ही संस्था स्थापन केली. मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाच्या विख्यात शर्यती पुढे याच संस्थेच्या नावाशी जोडल्या गेल्या. मग त्यांच्या मनात आले की ओसाड वाळवंटात कोसभर अंतरावरून धूळ पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा खेळ शहरात का दाखवू नये? १९७९ मध्ये लॉस एंजलिसच्या कोलिझियम क्रीडांगणात त्यांनी मातीचे ढीग टाकून, उंचवटे रचून बंदिस्त शर्यत भरवली. तिकिटे काढून कुटुंबे येऊ लागली. गाडी बनवणाऱ्याचे रूपांतर आयोजकात झाले, आणि पैशांचा व्यवहार वाढला.

त्या व्यवहारातूनच शेवट ओढवला. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी मोटारसायकल शर्यतींचे आयोजक मायकेल गुडविन यांच्याशी भागीदारी केली. ती लवकरच फिसकटली. प्रकरण न्यायालयात गेले आणि थॉम्पसन यांच्या बाजूने पाच लाख डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा झाला. वसुली सुरू असतानाच १६ मार्च १९८८ च्या पहाटे ब्रॅडबरी येथील घरातून कामावर निघालेल्या थॉम्पसन दांपत्यावर दबा धरून बसलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. मिकी आणि त्यांच्या पत्नी ट्रुडी यांचा घराच्या आवारातच मृत्यू झाला. मारेकरी सायकलींवरून पसार झाले. ज्या माणसाने आयुष्यभर वेगाचा पाठलाग केला, त्याचे खुनी सायकलवरून निसटले आणि आजतागायत त्यांची ओळख पटलेली नाही.

तपास वर्षानुवर्षे रखडला. थॉम्पसन यांच्या भगिनी कॉलीन कॅम्पबेल यांनी तो थंडावू दिला नाही. त्या पुढे आपल्या शहराच्या महापौर झाल्या; त्यांच्या स्वतःच्या मुलाचाही १९८२ मध्ये खून झालेला होता. अखेर २००१ मध्ये गुडविन यांना अटक झाली आणि जानेवारी २००७ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयात, हत्येचा कट रचल्याच्या आरोपावर ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. पॅरोलविना दोन जन्मठेपा, अशी शिक्षा झाली. आपण निर्दोष असल्याचे गुडविन सांगत राहिले.

टायर कंपनी २००३ मध्ये कूपर टायरने विकत घेतली आणि २०२१ मध्ये कूपरच गुडइयरमध्ये विलीन झाली. ज्या गुडइयरने १९६० मध्ये चॅलेंजरसाठी चार टायर घडवले होते, त्याच कंपनीच्या कारभारात आज थॉम्पसन यांचे नाव आहे.

१९६८ मध्ये त्यांनी चॅलेंजर दोन बांधली होती. त्या वर्षी पावसाने मिठागर बुडाले, पुढे फोर्डने हात आखडता घेतला आणि गाडी चार दशके पडून राहिली. त्यांचे पुत्र डॅनी थॉम्पसन यांनी ती बाहेर काढून नव्याने जुळवली. ऑगस्ट २०१८ मध्ये बॉनव्हिललाच त्यांनी दोन्ही दिशांच्या धावा पूर्ण केल्या. सरासरी वेग नोंदला गेला ताशी ४४८.७५७ मैल, म्हणजे सुमारे ७२२ किलोमीटर.